पाव्हन्यांचा ठिणगीचा डबा

आमच्या पाव्हन्यांनी एकदा खारट शिरा मागून घेऊन खाल्ला होता. सणाच्या गडबडीत आईचा हात साखरेऐवजी बारीक मिठाच्या डब्यात गेला, आणि पहिलं ताट अर्थातच जावयाचं. आईनं दारामागून विचारलं, "शिरा कसा झाया?" पाव्हने म्हणाले, "छान शे, माय. आखो वाढा." मागून आमच्या तोंडात पहिला घास गेला तेव्हा आई पदरात तोंड लपवून देवघरात जाऊन बसली. पाव्हने ओट्यावर सुपारी कातरत होते, जसं काही झालंच नाही.

पाव्हने म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. शहाद्याला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. त्यांना नाव होतं, पण आमच्या घरात ते कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. प्रकाशा गावाच्या अलीकडे तापीकाठी आम्हा गुजरांची वस्ती, आणि तिथं जावयाला उणा शब्द बोलायचा नाही हा कायदा. पाव्हने उलट्या दिशेला चालू लागले असते तरी आमचे वडील, आबा, म्हणाले असते, "हाऊ रस्ता बी छान शे." त्यांना उन्हात जाऊ द्यायचं नाही, कामाला हात लावू द्यायचा नाही. मोटारीतून उतरले की बैठक, बैठकीतून पाट, पाटावरून पुन्हा बैठक. एवढा मान सोसणं सोपं नसतं. पाव्हने कायम अवघडल्यासारखे दिसायचे, आणि आम्हाला वाटायचं, स्वभावच तसा आहे.

फक्त यंत्र दिसलं की त्यांचा पाव्हना गळून पडत असे. आमच्या केळीला पाणी देणारं एक छोटं इंजिन नदीच्या थडीवर बसवलेलं होतं. पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की रॉकेलवर घ्यायचं. पुराचा गाळ एकदा आत शिरल्यापासून त्याची ठिणगी मंद झाली होती. दोरी ओढून ओढून माणसाचे खांदे निखळायचे, आणि इंजिन नुसतं खोकायचं. साठचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या दिवाळीला पाव्हने इंजिनाशी उकिडवे बसले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी सासऱ्याकडे काहीतरी मागितलं. म्हणाले, "आबा, हाई इंजिन माले द्या. आठ दिवस."

ट्रान्झिस्टर ही चीज तेव्हा आमच्याकडे रेडिओतच असते अशी समजूत होती. पाव्हन्यांनी मोडक्या लाउडस्पीकरच्या मशीनमधला एक जाडजूड ट्रान्झिस्टर काढला, एका भंगार मोटारीची कॉइल आणली, बॅटरी जोडली आणि सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. मला त्यांनी समजावलं होतं. इंजिनातले पॉइंट उघडतात-मिटतात तेव्हा ठिणगी पडते, पण सगळा करंट त्यांच्यातूनच जातो म्हणून ते जळतात. आता पॉइंटांनी फक्त इशारा द्यायचा, ओझं ट्रान्झिस्टरनं उचलायचं. डब्यावर एक लाल दिवाही लावला होता, कशासाठी ते विचारल्यावर लाजले. इंजिन पहिल्याच दोरीला चालू झालं. पाव्हन्यांनी ट्रान्झिस्टरवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "गरम लागनं म्हनजे जित्तं शे." पुढे कुठलाही रेडिओ उघडला की ते आधी असंच बोट लावून पाहत. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

मी विसरवाडीला शाळामास्तर होतो. सुटी संपवून परत गेलो आणि आमच्या पाव्हन्यांचा डबा मी नाक्यावरच्या हॉटेलात इतक्यांदा सांगितला की चहावाल्या पोऱ्यालाही पाठ झाला. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलो तेव्हा ऊन असं होतं की थडीवरची वाळू चपलेतून चटके देत होती. पाव्हने अक्काला न्यायला आले होते. पाणी पिऊन होताच त्यांनी आबांना विचारलं, "उन्हमा चालस ना, आबा?" आबा म्हणाले, "छान चालस, पाव्हना. एक दोरीमा चालू व्हस." पाव्हन्यांना स्वतः जाऊन बघायचं होतं, पण जावयाला त्या उन्हात कोण सोडणार? बांधावरून त्यांना लांबूनच इंजिन दाखवलं. ते पाणी फेकत होतं, आणि डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता.

आणखी एक वर्ष गेलं. विसरवाडीच्या हॉटेलवाल्याकडेही तसंच एक छोटं इंजिन होतं, तशीच मेलेली ठिणगी. माझ्या गप्पा ऐकून त्याला तो डबा हवासा झाला. आखाजीला मी त्याला घेऊन घरी आलो. पाव्हन्यांचं हे पहिलं गिऱ्हाईक. अक्कानं सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे जमलं तर ते रेडिओचं काम कमी करून हेच धरणार आहेत, महिनाभर दुसरं बोलत नाहीत. म्हणून त्या दिवशी पाव्हने कुणाचं ऐकेनात. भर दुपारी आम्ही सगळे थडीवर गेलो. आबा दोनदा म्हणाले, "ऊन उतरू द्या." मला वाटलं, नेहमीचाच मान.

इंजिन चालू होतं. हॉटेलवाल्याला आतलं दाखवायला पाव्हन्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि सवयीनं ट्रान्झिस्टरवर बोट टेकवलं. ते बोट तिथंच राहिलं. मग त्यांनी हलकेच एक वायर उचलली. तिचं टोक कापडी पट्टीत गुंडाळलेलं होतं, कशालाच जोडलेलं नव्हतं. बॅटरीचा करंट फक्त लाल दिव्याला जात होता.

पाव्हन्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी नदीकडे पाहिलं. मला तेव्हा एका क्षणात कळलं, तपशील मागाहून आईनं सांगितले. डबा होळीपर्यंतच चालला होता. ऊन तापल्यावर दुपारी दगा देऊ लागला, आणि आबांनी गुपचूप मिस्तरी बोलावून जुनंच मॅग्नेट, म्हणजे इंजिनाचं मूळचं ठिणगीचं यंत्र, नीट करून घेतलं होतं. जावयाला वाईट वाटू नये म्हणून डबा आणि दिवा तसाच ठेवला होता. घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून मला सांगितलं नव्हतं. आणि अक्का तर त्यांचीच बायको, म्हणून तिलाही नाही. मला इतकी लाज वाटली की धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पाव्हन्यांनी झाकण लावलं. हॉटेलवाल्याला म्हणाले, "अजून कच्चं शे."

"चाली तर ऱ्हायनं, भाऊ! कच्चं कसं?"

"चाली ऱ्हायनं तो इंजिनना गुण शे, मना डबाना नही. मना डबा अजून उन्हमा टिकत नही. तुमनं जुनंच ऱ्हाऊ द्या."

आमच्या घराची लाज त्यांनी त्या परक्या माणसासमोर अशी झाकली. तो बाजूला चहा घेत बसला, तेव्हा आबा पुटपुटले, "पाव्हना, तुमना मान राखाकरता करं..."

पाव्हने स्क्रू सोडवत होते. वर न बघता म्हणाले, "जेवाना बाबतमा लबाडी चालस, आबा. इंजिनना बाबतमा नही चालत."

ते रुसले असते तर बरं झालं असतं. रुसलेल्या जावयाला कसं मनवायचं हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. अंगठी, घड्याळ, काहीतरी काढता येतं. पण ते रुसले नाहीत. डबा काढून घेतला, हात धुतले, पाटावर बसले, आणि आईनं विचारल्यावर "छान शे" म्हणाले. आईनं वाढायचा डाव तसाच खाली ठेवला. निघताना अक्का एवढंच बोलली, "तुम्ही त्यासले पाव्हना करी टाकं. मानूस ऱ्हाऊ दिधं नही."

त्यानंतरही ते येत राहिले. आहेर घेत, जेवण छान म्हणत, बैठकीत बसून राहत. थडीकडे मात्र कधी फिरकले नाहीत, आणि डब्याचं नाव त्यांनी काढलं नाही, आम्हीही नाही.

काही वर्षांनी वैशाखातच मी आणि आबा शहाद्याला गेलो होतो. लेकीच्या घरचं पाणी आबा पीत नसत, म्हणून दुकानातच टेकलो. मागच्या पडवीत एक छोटं इंजिन भणभणत होतं, डोक्यावर तापलेला पत्रा. शेजारच्या भिंतीवर तोच बिस्किटांचा डबा. लाल दिवा आता नव्हता. ट्रान्झिस्टर नवा होता, आणि त्याच्या पाठीला जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, फुटक्या पातेल्याचा जाड तळ कापून लावलेला, ऊब ओढून घ्यायला. वायरी मी डोळ्यांनी एकेक तपासल्या. मग बोट टेकवलं. गरम होतं. "सकाळपासून चालू आहे," दुकानातला कारागीर म्हणाला, "असे डबे शेताशेतावर गेलेत आता."

आम्हाला त्यांनी कधी कळवलंच नव्हतं. आणि कळवून तरी काय ऐकायला मिळणार होतं त्यांना आमच्याकडून?

पाव्हने हात पुसत आत आले. आबांनी इंजिनाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. म्हणाले, "पाव्हना, छान शे."

पाव्हने हसले. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "त्या सालले बी तुम्ही हाईच म्हनेल व्हतात, आबा," ते म्हणाले, आणि आमच्यासाठी उसाचा रस सांगायला बाहेर गेले.

परतीच्या मोटारीत आबा खिडकीशी बसले होते. प्रकाशाचा पूल ओलांडल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज तर मी खरं बोलनू ना रे?"