बच्चा थाळी

सुग्रीवच्या तोंडाला ‘न्हाई’ हा शब्द कधी चिकटलाच नाही. बदनापूरजवळच्या त्याच्या गावात कुणालाही विचारा. कुणाचे पाहुणे स्टेशनवरून आणायचेत, सांगा सुग्रीवला. कुणाच्या घरी मयत झालीय, लाकडं न्यायचीत, बोलवा सुग्रीवला. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत तो मशीनवर होता, तिथंही दुसऱ्यांच्या पाळ्या याच्याच गळ्यात. मोटारसायकलवर ये-जा करून अंग आंबलेलं असायचं, पण कुणी हाक मारली की “हो हो, येऊन राह्यलो” म्हणत पायात चपला. बायको मनीषा करवादायची, “एकदा तरी कुणाला न्हाई म्हणा की हो!” त्यालाही हा ‘हो’ म्हणायचा. आता अशा माणसाचं काय करावं? भांडायला जावं तर आधी चहा पाजतो.

त्याची थोरली पोर शिवकन्या. पंधरा पूर्ण झालेली, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. अंगानं उफाड्याची, आईच्या बरोबरीनं उभी राहिली तर दोघी बहिणी वाटाव्यात. तिच्या पाठचा करण तेरा वर्षांचा, नुकता आवाज फुटलेला. आणि या सगळ्यांच्या वर रायभानतात्या, सुग्रीवचे मोठे भाऊ. बाप लवकर गेला तेव्हा तात्यांनीच सुग्रीवला वाढवलं, नोकरीला चिकटवलं, त्याचं लग्न लावून दिलं. माणूस वाईट नाही हो. पण तात्या बोलले की ते झालंच, त्यावर दुसरं बोलणं त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं.

मागच्या रविवारी तात्यांनी अंबडकडचं स्थळ आणलं. घरचा ऊस, दोन ट्रॅक्टर, मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. “तुम्ही दोघं दिवसभर कामावर, पोरगी घरात एकली,” तात्या म्हणाले. “दिवस कसले आलेत, बघून राह्यला ना? चालून आलेलं स्थळ हाय.” पोहे झाले, पाणी झालं, आणि मुलाच्या मामानं विचारलं, “पोरीचं वय काय म्हणले?” तात्यांनी सुग्रीवकडं पाहिलं. हा गडी पापणी न हलवता म्हणाला, “अठरा पूर्ण. एकोणिसावं लागलंय.” पाहुण्यांनी माना डोलावल्या. वयाचा कागद कुणी मागितला नाही. कागद मंगल कार्यालयवाले मागतात, म्हणून मांडव शेतातच घालायचा, हेही तात्यांनी ठरवून टाकलं होतं.

शिवकन्या तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दाराशीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. पोर रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी बापाच्या हातात डबा देताना एवढंच म्हणाली, “पप्पा, मी चौथीत होते तव्हापासून पार्कला नेतो म्हणून राह्यले तुम्ही. आता तरी न्या.”

सुग्रीव हो म्हणाला. त्याला दुसरं येतं काय!

हायवेला ते नवीन पार्क झालेलं. पाण्याच्या घसरगुंड्या, आभाळात फिरणारे पाळणे, मान हलवणारे प्लास्टिकचे डायनासोर, मुक्कामाला खोल्या. सुट्टी काढून दोन दिवस जायचं ठरलं. तात्याही आडवे आले नाहीत. “जा, पोरीची हौस होऊ दे,” म्हणाले. “पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टायमाला फोन करतो. पाहुण्यांना सुपारी फोडायची जल्दी हाय. शेवटी बाप तू हायेस, तुझा शब्द पाह्यजे.” सुपारी फुटली की लग्न पक्कं. मग माघार म्हणजे चार गावांत तात्यांची मान खाली.

पहिला दिवस पोरांनी पाण्यात काढला. शिवकन्या त्या घसरगुंडीवरून अशी किंचाळत यायची की मनीषालाही हसू फुटायचं. सुग्रीव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर बसलेला. मनीषा त्याच्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “मी नववीतून उठून आल्ते तुमच्या घरात. वर्गात माझा पहिला नंबर होता. मी कधी बोलले न्हाई. पण पोरीचं असं करू नका. तात्यांना न्हाई म्हणा.”

“म्हणतो.”

“माझ्या गळ्याची शपथ घ्या.”

“हो,” सुग्रीव म्हणाला. त्याला खरंच म्हणायचं होतं, यात बिलकुल खोट नव्हती. तिथं एक सिमेंटचा खोटा धबधबा होता, त्याच्या आवाजाआड उभं राहून त्यानं दोन-चारदा म्हणूनही पाहिलं, “तात्या, न्हाई. तात्या, आत्ताच न्हाई.” धबधब्यासमोर जमत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. मनीषानं बांधून आणलेल्या भाकरी आणि ठेचा गेटवरच ठेवून घेतलेला, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. काउंटरच्या वर जेवणाची रंगीत चित्रं लावलेली. शिवकन्या त्यातल्या एका चित्राखाली जाऊन थांबली. बच्चा थाळी. हसऱ्या तोंडाचे बटाट्याचे काप, दोन इवल्या पुऱ्या, आमरसाची वाटी, आणि डोक्यावर घालायला कागदाचा मुकुट.

“पप्पा, मला ही पाह्यजे.”

“अगं, चिमणीचं खाणं ते. मोठी थाळी घे.”

“न्हाई. हीच.”

“मला पण हीच,” करण घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि मागचे लोक हसले.

काउंटरवर टोपी घातलेली एक पोरगी होती. तिनं दोघांकडं पाहिलं. “काका, ही बारा वर्षांच्या आतल्यांना असती. ताईचं वय काय?”

सुग्रीवनं लेकीकडं पाहिलं. तिला ती थाळी हवी होती, आणि याला कुणाला नाराज करता येत नाही. “अकरा पूर्ण,” तो म्हणाला. “बारावं लागलंय.”

बोलून गेला आणि स्वतःचाच आवाज त्याच्या कानावर आला. तीच सहजता, तीच चाल. शिवकन्या त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही, नुसती बघत होती. त्या बघण्यानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काहीही काय काका!” काउंटरवाली हसली. “माझ्याएवढी हाय की ती. खरं सांगा.”

खरं सांगा! सुग्रीवला अठरा म्हणता आलं, अकरा म्हणता आलं, पण मधला खरा आकडा काही केल्या जिभेवर येईना.

“पंधरा,” शिवकन्या म्हणाली. “जूनमध्ये सोळा पूर्ण होतील.”

“पंधराच?” काउंटरवाली म्हणाली. “मंग लहानच हायेस की गं. माझी बहीण हाय तेवढी, अजून भातुकलीवरून भांडती.” तिनं मागं वळून साहेब कुठं आहे ते पाहिलं आणि पटकन दोन बच्चा थाळ्या पुढं सरकवल्या. “घे, जा.”

टेबलावर बसल्या बसल्या शिवकन्यानं मुकुट डोक्यावर चढवला. कपाळावर मुंडावळ्यांसारखं काही बांधलेली लेक मनीषाला बघवेना, ती म्हणाली, “काढ गं ते.” पण पोरीनं काढला नाही. बटाट्याचा एकेक काप उचलायची, त्याचं हसरं तोंड बघायची आणि मग खायची. तेवढ्यात सुग्रीवचा फोन वाजला. तात्या.

मनीषाचा घास हातातच राहिला. सुग्रीव जागेवरून उठलासुद्धा नाही.

“काय मंग?” तात्यांचा आवाज दणदणीत, सगळ्यांना ऐकू येत होता. “पाहुणे अंगणात बसलेत. फोडायची ना?”

“तात्या…”

“बोल.”

“तात्या, पोरगी पंधराची हाय.”

“ते मला सांगून राह्यला का?” तात्यांनी आवाज खाली आणला. “तिच्या बारशाला पाळणा मीच आणल्ता. अरे, मी लोकांना शब्द देऊन बसलोय. माझं नाक कापू नको बाबा. हो म्हणून टाक.”

भाऊ आयुष्यात पहिल्यांदा विनवत होता. सुग्रीवनं धबधब्यासमोरचा शब्द आठवून पाहिला. मनीषाकडं पाहिलं. त्या मुकुटाकडं पाहिलं.

“हो,” तो म्हणाला.

मनीषानं हातातला घास ताटात ठेवला आणि तोंड फिरवून घेतलं. सुग्रीव फोनकडं बघत बसला. तो फोन केव्हाच बंद झाला होता.

शिवकन्यानं डोक्यावरचा मुकुट काढला, करणच्या डोक्यावर नीट बसवला. उरलेले काप त्याच्या ताटात वाढले. मग ओढणीला हात पुसले.

“पप्पा, माझं पोट न्हाई भरलं,” ती म्हणाली. “मोठ्या माणसांची थाळी आणा.”

“हो,” सुग्रीव म्हणाला, आणि उठून पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.