पाटणच्या आबांच्या छातीतला आवाज

इलेक्टिव्ह कुठे करायची हे ठरवायला मी आणि रूममेट गौरव शुक्रवारी सकाळी सांगलीहून मोटारसायकलवर निघालो. इलेक्टिव्ह म्हणजे एमबीबीएसमध्ये आपल्या आवडीचं शिकायला मिळणारे काही आठवडे. आवड राहिली बाजूला, आमचा प्रश्न एकच होता: दुपारी सोडतात का? पीजीच्या परीक्षेचा अभ्यास मानगुटीवर बसला होता.

आष्ट्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडलो, तेव्हा या रस्त्याला लवकर लागा. पेठ नाक्यावर मिसळ खाल्ली. साताऱ्याच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑफिसातले काका म्हणाले, "सही करा आन् बाराला जावा की." गौरवनं मला कोपरानं ढोसलं. मुक्काम साताऱ्यातच, मित्राकडे फुकटात झाला.

शनिवारी उंब्रजवरून पाटणकडे वळलो. रस्ता अरुंद, पण डोंगर झकास. खरं तर आम्हांला कोयना धरण बघायचं होतं. पाटणचं हॉस्पिटल वाटेत होतं म्हणून डोकावलो.

तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सुटका संध्याकाळी. पण पेशंट आधी तुम्ही तपासायचा, मग मी." त्यांनी स्वतःचा स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला. आम्ही आमचे आणलेच नव्हते.

समोर फौजेतून निवृत्त झालेले आबा बसले होते. "शिकायला आलाय न्हवं? मग ऐका की. माजी काळजाची झडप गळतीया. लय येगळा आवाज हाय म्हंत्यात." सदऱ्याची बटणं काढून ते ताठ बसले.

मला पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.

"आला?" मॅडमनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मॅडम दुसऱ्या पेशंटकडे वळल्यावर आबा हळूच म्हणाले, "न्हाई आला तर लाजू नगा, डाक्टर. तुमचं सुरू कवा हुनार? पुढच्या सोमवारी? मी येतो. निवांत ऐका."

"नक्की," मी म्हणालो. निघताना मॅडमनी माझा नंबर घेतला. धरणावर गौरव फोटो काढत राहिला. माझं लक्ष लागेना.

तरी सांगलीला परतल्यावर मी सातारा निवडलं.

त्या सोमवारी साताऱ्याच्या कॅन्टीनमध्ये चहा पिताना मॅडमचा मेसेज आला. 'आबा इस्त्रीचा सदरा घालून बाकावर बसलेत. तुम्ही कधी पोचताय?' मला इतकी लाज वाटली की चहा तसाच ठेवला. शेवटी 'सॉरी मॅडम, सातारा मिळालं' असं लिहिलं. मिळालं कसलं, मागून घेतलं होतं. बाराला सुटलो आणि झडपांचा धडा उघडून बसलो.

आता सांगलीत परत आलोय. ज्युनिअर विचारतात, इलेक्टिव्ह कुठे करू? मी पाटण सांगतो. उंब्रजवरून वळा, स्टेथोस्कोप आपला न्या. आणि आबा भेटले तर त्यांना सांगा, त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं.