नळाची घंटी

मी फळ्यावर लिहिलं, 'अपने घर की एक यंत्रणा पर दस पंक्तियाँ लिखो.' शाळा हिंदी माध्यमाची, माझं डोकं मराठी माध्यमाचं. मला हवी होती घरातली एखादी रचना, म्हणजे दाराची कडी, पाण्याची टाकी, असलं काहीतरी. हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना, हे बुऱ्हाणपुरात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. नववीच्या मुलींना शब्द अडला, त्यांनी हिंदीच्या मॅडमना विचारलं, मॅडमनी अर्थ सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वर्गभराच्या घरांची दुखणी येऊन पडली.

हे सगळं विज्ञान प्रदर्शनाच्या प्रोजेक्टसाठी चाललं होतं. दरवर्षी मुली बाजारातलं तयार किट जोडायच्या आणि आम्ही त्याला विज्ञान म्हणायचो. त्या वर्षी देशभर मंदी. गावातले पॉवरलूम एकेक करून थांबले. बुधवारा मोहल्ल्यातून शाळेत जाताना खटखट ऐकू येईना, तेव्हा मला आधी वाटलं, आपले कान गेले. किटचं नाव काढू नका, घरातल्या भंगारातून काय ते करा, असं मोठ्या सरांनी बजावलं होतं.

चूक कबूल करून वह्या परत द्याव्यात, असं ठरवलं होतं. पण एक वही वाचून थांबलो. ती मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवसच शाळेत दिसायची. तिनं लिहिलं होतं: पप्पा लूमवर जातात तो कारखाना बंद. मम्मी बहादरपूरला केळी भरायला जाते. नळ दिवसा कधीही येतो. मम्मी थांबली तर तिची मजुरी जाते, म्हणून मी थांबते.

तिची हजेरी आणखी घसरली, तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नव्हते.

तिला बोलावून मी शहाणपण शिकवलं, "पापा घर पे हैं ना? पानी वो भर लेंगे."

"घर पे नहीं बैठते, सर. कारखाने के सामने बैठते हैं."

"बंद कारखाने के सामने?"

"घर पे बैठे तो लगता है काम गया. वहाँ बैठे तो लगता है छुट्टी है."

मग तीच म्हणाली, "सर, नल की आवाज़ वहाँ तक जाए, ऐसा कुछ बनेगा?"

कारखाना तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. वर्ग कामाला लागला. कुणी तुटकी स्लिपर आणली, कुणी पत्र्याचा डबा, कुणी इमर्जन्सी दिव्याची बॅटरी, कुणी बंद इन्व्हर्टरचा बझर. वायर त्या बंद कारखान्याच्या सेठनंच दिली, आतच पडून होती. नळ उघडा ठेवायचा, खाली बादली. पाणी आलं की स्लिपरचा तुकडा तरंगत वर येणार, पत्र्याच्या दोन पट्ट्या टेकणार, बझर वाजणार. मी मोठ्या रुबाबात जोडणी केली. बादली कोरडी असताना बझर ठणाणा वाजला आणि पाणी ओतताच गप्प बसला.

"सर, ये तो पानी जाने की घंटी है," असं म्हणून तिनं पट्टी स्लिपरच्या वरच्या बाजूला नेली. मी 'शाब्बास' म्हणून अब्रू वाचवली.

शनिवारी छपरांवरून वायर नेली. कारखान्याच्या ओट्यावर चार-पाच कारागीर बसले होते, त्यात तिचे वडील. बझर त्यांच्या डोक्यावर टांगला. तासाभरानं तो वाजला. एक जण म्हणाला, "जाओ भाई, तुम्हारी ड्यूटी लग गई!" बाकीचे हसले. तिच्या वडिलांनी पँट झटकली, चपला घातल्या आणि ते म्हणाले, "चलो, अपना भोंगा हो गया." पाळीला निघाल्यासारखे ते ताठ चालत गेले.

सोमवारी ती पहिल्या तासाला हजर. मग रोजच. परीक्षेलाही बसली. प्रदर्शनात मात्र आमचं काही मांडता आलं नाही, कारण बझर काढून आणायला तिचे वडील तयार होईनात.

घरी बायकोला मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. गच्चीवर वाळलेले कपडे काढता काढता तिनं ऐकून घेतलं.

"अहो," ती म्हणाली, "एका माणसाला पाणी भरायला बोलवायचं, तर दोन गल्ल्या वायर लागली होय! आणि मी मेली वीस वर्षं नुसत्या हाकाच मारतेय."