मायच्या छातीवरच्या जांभळ्या खुणा

कोराडी नाका मागे पडला तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मनकर्णा अनवाणी चालत होती, मी चपला घालून. तिचा डावा हात अंगापासून थोडा लांब, कोपरात वाकलेला. श्रावणात ऑपरेशन करून तिची डावी छाती काढली, तेव्हापासून तो हात तिला खाली सोडवत नाही.

नवरात्रात अर्धं नागपूर या रस्त्यानं कोराडीच्या जगदंबेला पायी जातं. आम्हीही दर वर्षी जरीपटक्याहून निघतो. जागोजागी मांडव घालून लोक चालणाऱ्यांना चहा आणि साबुदाण्याची खिचडी देतात. एका मांडवात चहा देणाऱ्या बाईनं मनकर्णाकडे बघून विचारलं, "हात काहून असा धरला वं, नव्या बांगड्या दाखवून राहिली का?"

"एका बाजूचं वजन कमी झालं ना बाई," मनकर्णा म्हणाली, "तोल सांभाळून राहिली."

ती बाई हसली. तिला काही कळलं नव्हतं. मनकर्णानं चहा संपवला, ग्लास विसळून ठेवला आणि रस्त्याला लागल्यावर मला म्हणाली, "तर मंग तूच सांग कामिनी. माय माह्या हातानं मेली का नाही?"

हा प्रश्न ती मला तीन वर्षांपासून विचारते आहे. माझ्या शिलाई मशीनपाशी बसून, नळावर, भाजीच्या ठेल्यावर. मला उत्तर येत नाही. मी ब्लाउज शिवणारी बाई, दहावीपर्यंत शिकलेली. पण ज्यांना उत्तर येत होतं त्यांनी तिला जे काही सांगितलं, त्यापेक्षा माझं न येणंच बरं.

मनकर्णा भिवापूरची. तिथं मिरचीचे सातरे असतात. मोठ्या अंगणात वाळल्या मिरचीचे ढीग घालतात आणि बाया दिवसभर बसून देठ खुडतात. मनकर्णाची आई तुळसाबाई तीस वर्षं त्या ढिगांपाशी बसली. मनकर्णाही सात वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसायची. सातऱ्यावरच्या बायांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मिरचीची आग पाण्यानं जात नाही, उलट पसरते. आधी तेल चोळायचं, मग कोरडं बेसन, मग धुवायचं. तान्ह्या लेकराला अंगावर घेण्याआधीही हेच. एकदा मनकर्णा विसरली आणि तिची वैभवी, तेव्हा तीन महिन्यांची, दुपारभर किंचाळत राहिली. सासूनं त्या दिवशी मनकर्णाला जेवू दिलं नाही. पुढे नवऱ्याच्या कामासाठी ती नागपुरात आली, सातरा सुटला, तेल-बेसन सुटलं नाही. आग कसलीही असो, तिचा उपाय तोच.

तुळसाबाईच्या छातीत गाठ निघाली तेव्हा ती उपचाराला मनकर्णाकडे आली. तिचा मुलगा अंकुश नागपुरातच राहतो, पण आमच्याकडे जागा नाही असं त्याच्या बायकोनं सांगितलं. त्यांचं घर मनकर्णाच्या घरापेक्षा किती मोठं आहे ते मला माहीत आहे. तिथले पडदे मीच शिवले आहेत.

म्हातारीची एक छाती काढली. मी तिला ब्लाउजच्या आतून कापसाची पिशवी शिवून दिली. ती हातानं दाबून म्हणायची, "एवढी भरीव तर खरीवाली बी नव्हती."

मग शेक सुरू झाले. दवाखान्यात मशीनखाली निजवून छातीवर किरणं देतात, त्याला आपल्याकडे शेक म्हणतात. नेमका कुठं द्यायचा ते कळावं म्हणून चामडीवर जांभळ्या शाईनं रेघा काढतात. त्या पुसायच्या नसतात, तिथं तेल-पाणी लावायचं नसतं. मशीनवाल्यानं हे सांगितलं होतं, पण अंकुशला. शेकाच्या पहिल्या दिवशी तो आला होता आणि पुरुष माणूस दिसला म्हणून मशीनवाला त्याच्याशीच बोलला. मनकर्णा आईला घेऊन बाहेरच्या बाकावर होती. अंकुशनं एका कानाला फोन लावून ऐकलं, मान हलवली आणि घरी गेला. पुढे तो फिरकला नाही. रोज ऑटोनं नेणं-आणणं मनकर्णाचं. फिक्या पडलेल्या रेघा मशीनवाला मधून मधून गिरवायचा, त्यामुळे गेल्या तरी परत काढतात असंच तिला वाटत राहिलं.

चौदा शेक झाले आणि दिवाळीची सुट्टी लागली. तुळसाबाईची चामडी काळी पडली होती, काखेत सोलली होती. मिरची लागल्यावानी आग होऊन राहिली, असं ती दिवसभर म्हणायची. दुसरं काही म्हणाली असती तर कदाचित निभावलं असतं. मिरची म्हटल्यावर मनकर्णाला काय करायचं ते माहीत होतं.

नरक चतुर्दशीच्या पहाटे तिनं आईला पाटावर बसवलं. लग्न झाल्यापासून आईला दिवाळीची आंघोळ घालायला तिला कधी मिळालं नव्हतं. तेल कोमट करून लावलं. वरून बेसन. सोललेल्या जागी बोटांची टोकं तेवढी टेकवली. म्हातारीनं डोळे मिटले आणि म्हणाली, आता थंड वाटलं. बेसनासोबत रेघा निघून गेल्या. मनकर्णाला बरंच वाटलं. आईचं अंग किती दिवसांनी स्वच्छ दिसत होतं.

सुट्टीनंतर मशीनवाल्यानं म्हातारीचा पदर बाजूला केला आणि दार तसंच उघडं टाकून बाहेरच्या रांगेसमोर हिंदीतून विचारलं, हिला कोणी आंघोळ घातली. मनकर्णानं शाळेत करतात तसा हात वर केला. खुणा नव्यानं काढायला मोठे डॉक्टर लागत होते, ते सुट्टीवर. ते आले तर मशीन बंद पडलेलं. अठरा दिवस असे गेले. होळीला दुखणं हाडात गेल्याचं कळलं, वैशाखात तुळसाबाई गेली. शेवटचा महिना ती ओरडत होती. आवाज ऐकू येऊ नये म्हणून गल्लीतले लोक टीव्ही मोठा करायचे. त्यात माझंही घर होतं.

तेरवीच्या पंगतीत अंकुश सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "दवाखान्याचा काही दोष नाही. ताईनं मायले धुऊन काढलं."

मनकर्णा तेव्हा पोळ्या वाढत होती. तिच्या पुढच्या दोन बायांनी ताटावर हात आडवा धरला.

त्यानंतर ती फाईल घेऊन विचारत सुटली. ज्या दवाखान्यात उपचार झाले तिथल्या डॉक्टरनं फाईल उघडलीच नाही. मधे अठरा दिवस तुम्हीच घालवले, आता मी काय बोलू, असं म्हणून त्यानं पुढच्या पेशंटला बोलावलं. वर्षभरानं गांधीबागेतल्या एका डॉक्टरनं मात्र पानन् पान वाचलं. तो म्हणाला, अठरा दिवसांनी एवढं होत नाही. दुखणं शेक सुरू होण्याआधीच हाडात गेलेलं असणार. आधी हाडांची तपासणी करायला हवी होती, ती केलेली दिसत नाही.

त्या दिवशी मनकर्णा माझ्याकडे आली आणि दारातूनच म्हणाली, "म्हणजे मी नाही." दोन दिवस ती पोटभर जेवली. तिसऱ्या दिवशी येऊन माझ्या शिलाई मशीनपाशी बसली. म्हणाली, म्हणजे मायले फुकट भाजलं. हाडातलं हाडातच राहिलं आणि वरची चामडी जाळत बसले.

तरी ती अंकुशकडे गेली, निदान त्यानं तेरवीतलं बोलणं मागं घ्यावं म्हणून. तो दाढी करत होता. वळलाही नाही, आरशातच बघून बोलला. "मायची गाठ दाखवाले नेली तवा मी बी होतो. डॉक्टरनं विचारलं होतं, पाठ-कंबर दुखते का म्हणून. माय तोंड उघडायच्या आधी तूच बोलली, मिरचीवाल्या सगळ्याच बायांची दुखते. म्हणून नाही झाली तपासणी."

आणि ते खरं होतं. ती तसं बोलली होती, हसत बोलली होती. सातऱ्यावर पाठ न दुखणारी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. आता कोणत्याही डॉक्टरचं खरं धरलं तरी दोष तिच्याकडेच येतो. एकाचं धरलं तर हातानं, दुसऱ्याचं धरलं तर तोंडानं.

मी सकाळ-संध्याकाळ देवापुढे दिवा लावते, तिच्या नावानंही लावते. देवीवर सोड असं तिला एकदाच म्हणाले होते. तिनं सांगितलं, मायच्या ऑपरेशनच्या दिवशी नारळ फोडून देवीवरच सोडलं होतं. पुन्हा मी ते म्हटलं नाही.

या वर्षी आषाढात तिलाच गाठ लागली. भावाला कळवलं तर तो म्हणाला, या वेळी आंघोळ तेवढी नको करू. ते तिनंच मला सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या जवळ दिसायला लागल्या तशी मनकर्णा एका पुलाच्या कठड्यावर टेकली. तळपायात खडे रुतले होते. मी ते काढायला वाकले, तर तिनं पाय ओढून घेतला आणि एका हातानं स्वतःच काढत बसली. तिचे शेक दसऱ्यानंतरच्या सोमवारी सुरू होणार आहेत. पंचवीस सांगितले आहेत. तिनं मला मोजून दाखवलं, नरक चतुर्दशी येईल तेव्हा बारा-तेरा झालेले असतील, म्हणजे आग सुरू झालेली असेल.

मी म्हटलं, आता तुला खुणांचं सगळं ठाऊक आहे, घाबरतेस कशाला.

ती म्हणाली, मी स्वतःसाठी नाही घाबरत. वैभवी आता बावीस वर्षांची आहे, हिंगण्याच्या कंपनीत जाते. या दिवाळीला आईला आंघोळ मीच घालणार म्हणून तिनं आतापासून उटणं आणून ठेवलं आहे. मनकर्णानं तिला सारं समजावलं, कुठं तेल लावायचं नाही, कुठं पाणी नाही. पोरीनं ते फोनमध्ये लिहूनही घेतलं.

"तरी बी काहीतरी सांगायचं राहूनच जाते," मनकर्णा म्हणाली. "मंग मी मेली की पोरगी फाईल घेऊन फिरन."

लोक देवीचा जयजयकार करत आमच्या पुढून जात होते. तिनं त्यांना जाऊ दिलं.

"त्या दिवशी तू ये कामिनी. मले आंघोळ तू घाल."

मी विचारलं, माझ्या हातानं पुसलं गेलं तर?

"तर पुसलं. तू माही कोणी लागत नाही, मी मेली तरी तुले झोप येईल." तिनं शेवटचा खडा काढून रस्त्यावर टाकला. "अन् आतून कडी लाव. वैभवी दार ठोकन, रडन. उघडू नको."