नाव नको, मजला सांग

"नाव नको. मजला सांग."

लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटली तेव्हा ती मला हे म्हणाली, तेही बोट उगारून. मी आपली हसत हसत नाव सांगायला निघाले होते. आपली पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. नाव, गाव, मुलं किती, गुडघे दुखतात का, सगळं लिफ्ट थांबायच्या आत विचारून होतं. मी चपापून म्हटलं, "तिसरा." झालं! तेव्हापासून मी तिची 'तिसरा मजला' आणि माझी सून 'तिसरा मजला धाकटी'.

ही जपानातल्या, टोकियोजवळच्या उरायासुची गोष्ट. तोयोसुच्या कंपन्यांत आपली कॉम्प्युटरवाली मुलं भराभर यायला लागली, तेव्हाची. माझा मुलगा त्यातलाच, म्हणून मी तिथे. ही आजी पाचव्या मजल्यावर लेकीकडे राहायची. लेक पियानो शिकवायची. तिचा जपानी नवरा वारला होता. आजीचा देश युगोस्लाव्हिया. "तो देश आता नकाशात नाही," ती म्हणायची. "मी मात्र आहे. गंमतच की नाही?"

आमची दोघींची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी. मी ते पेपर वाचून शिकलेली, ती कुठून शिकली देव जाणे. पण दोघींचं सारखंच मोडकं असल्यामुळे छान जमायचं. दोघीही गेल्या आता, मायलेकी, म्हणून हे लिहिते आहे. नाव मात्र लिहीत नाही. तिला ते चाललं नसतं.

माझ्या घरी आली की ती चपला काढून त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवायची. जपानी लोक ठेवतात तशी. मी सुनेला म्हटलं, "बघ, म्हातारपणी इथल्या रीती शिकली बाई." आजीला विचारलं, तर ती फिसकन हसली. "जपानी कसलं! पळताना चपला वळवायला वेळ नसतो."

मला वाटलं, थट्टा करते आहे.

कचरा टाकायच्या दिवशी ती खाली उभी असायची. सुनेने एकदा बँकेचं पाकीट तसंच पिशवीत टाकलं, तर आजीने ते बाहेर काढून त्याचे कपटे कपटे केले. "धाकटी! नाव-पत्ता असा टाकतात? लग्नाची पत्रिका आहे का ही?" सून घरी येऊन चिडली, "आई, तुमची मैत्रीण जरा विचित्रच आहे हं." माझ्या नातवाने तिला एकदा विचारलंही, "तुझ्या दोन बोटांना नखं का नाहीत?" ती म्हणाली, "खाल्ली. तू खात जाऊ नकोस." पोराचं नखं खाणं सुटलं ते तिथेच.

मग एका हिवाळ्यात तिला ताप आला. मला बोलावणं आलं. वर गेले, तर ही लेकीला शिकवणीला पिटाळत होती. "जा, जा. तिसरा मजला बसेल." लेक बिचारी निमूट गेली. मला राहवलं नाही. "अहो, पोटची लेक असताना मी कशाला?"

"तुला माझी भाषा येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तू."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? मी इतक्या मायेने वर आलेली, आणि हिला मी हवी का, तर मला काही कळत नाही म्हणून!

बरी झाल्यावर एका दुपारी ती आपणहून माझ्याकडे आली. मी मटार सोलत होते. तीही सोलायला बसली आणि मान वर न करता बोलायला लागली.

लढाईत तिच्या गावात जर्मन आले. ही तंबाखूच्या कारखान्यात कामाला होती आणि गुपचूप कम्युनिस्टांचं काम करायची. कारखान्यातल्या पोरी तिने एकेक करून जोडल्या. कुणी पत्रकं वाटायची, कुणी डोंगरात लपून लढणाऱ्या माणसांना पाव आणि औषधं पोचवायची. नियम एकच होता, कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही, सांगायचं नाही. माहीतच नसलं तर मार खाऊनही काय सांगणार?

"मी सांगितली नावं," ती म्हणाली. "नवऱ्याला. जेवता जेवता. नवराच तो, त्याला काय लपवायचं?"

नवऱ्याला जर्मनांनी धरलं आणि काही दिवसांनी सोडलं. अंगावर एक ओरखडा नव्हता. मग एकेक पोर उचलली गेली. त्याला माहीत होत्या नेमक्या तेवढ्याच. बाजारात त्यांना फासावर टांगलं. पुढे हिलाही धरलं, नखं तेव्हाच गेली, पण हिने एक शब्द काढला नाही.

"आणि नवरा?" मी विचारलं.

"लेकीला सांगितलंय, जर्मनांनी मारला." तिने एक शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले. "जर्मनांनी नाही. आम्ही. मला धरायच्या आधी बैठक झाली. त्याला मारायच्या बाजूने कोण कोण, विचारलं. मी पण हात वर केला. लेक तेव्हा पोटात होती."

समोर तीच आजी होती, नातवाला लाडू भरवणारी. मला तिच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

"तापात मी बोलते," ती म्हणाली. "जर्मनांनी मारहाण केली तेव्हा तोंड बंद ठेवता आलं. आता म्हातारपणात ते माझं ऐकत नाही. लेकीला कळलं तर?" मग पहिल्यांदाच मला हात लावून म्हणाली, "माझ्या शेवटच्या वेळी तू बस."

मी कबूल केलं. दुसरं काय म्हणणार होते?

शेवटी हॉस्पिटलमध्ये मी बसायची. एका दुपारी, लख्ख ऊन असताना, ती डोळे मिटून बोलायला लागली. एका पुरुषाचं नाव, पुन्हा पुन्हा. मग बायकांची, एकापाठोपाठ एक. भाषा नाही कळली तरी नावं कळतात हो! तेवढ्यात दारात लेक. माझी गाळण उडाली. काही सुचेना, म्हणून मी मोठ्याने गणपतीची आरतीच सुरू केली, टाळ्यांसकट! नर्स तोंडावर बोट ठेवून धावत आली.

लेकीने मला हळूच बाहेर नेलं. "तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? ती झोपेत बोलते. मी लहान असल्यापासून. आमची खोली एकच होती."

"म्हणजे... सगळं?"

"सगळं."

मी विचारलं, "आणि तुम्ही तिला कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? मला यातलं काही ठाऊक नाही, एवढ्याच समाधानावर ती जगली," लेक म्हणाली. "ते कसं काढून घेऊ?"

आत गेलो तर ती जागी झाली होती. त्या पलंगावरून ती पुन्हा घरी आलीच नाही. मला जवळ बोलावून तिने हळूच विचारलं, "तिसरा मजला, मी काही बोलले?"

"नाही, आजी. एक शब्द नाही."

तिने लेकीकडे पाहिलं. लेक आमच्याकडे पाठ करून वाकली होती. कुणीतरी केर काढताना पलंगाखालच्या सपाता भिंतीकडे तोंड करून सारल्या होत्या. लेकीने त्या उचलल्या, जोडीने नीट लावल्या आणि त्यांची तोंडं दाराकडे केली.