बिनपाण्याचं इंजिन

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. ताईला तर नाहीच नाही. देवापुढे उभा असतानाही मी ती मनात कधी पुरती म्हटलेली नाही — अर्ध्यावर आलो की समई सारखी करायला वाकतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बहुधा तुम्हाला सांगता येईल.

आधी इंजिनाबद्दल सांगतो. लगेच मुद्द्यावर येणं मला जमणार नाही.

माझे भावोजी — ताईचे यजमान — मिऱ्याला राहतात. फायबरची होडी आणि तिच्या पाठीला लटकवायचं पेट्रोलचं इंजिन. असं इंजिन समुद्राचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं. आत तळहातात मावेल एवढा रबरी पंखा असतो. तो पाणी वर चढवतो, आणि ते पाणी बाजूच्या भोकातून बारीक धारेनं बाहेर पडतं. धार दिसली म्हणजे सगळं ठीक. पण खारं पाणी आत राहिलं तर मीठ धरतं, म्हणून पावसाळ्याआधी होड्या वर ओढल्या की इंजिन गोड्या पाण्यात चालवून धुवायचं. भावोजींची विहीर किनाऱ्यालगतची, मे महिन्यात तिचं पाणी मचूळ होतं. आमची डोंगराच्या पायथ्याशी, गोडी. म्हणून दर वर्षी ते इंजिन टेम्पोत बसून आमच्या अंगणात यायचं. ताई म्हणायची, माझं राहू दे, ह्याचं तरी माहेरपण होतंय.

बरोबर अनंता मिस्त्री यायचा. तो आणि भावोजी लहानपणापासूनचे. शिमग्यात पालखीला दोघांचे खांदे शेजारी शेजारी. अनंता बडबड्या होता, थापाड्या म्हटलं तरी चालेल. जपानहून कंपनीचा माणूस आला नि माझ्याकडून शिकून गेला, असं तो गावभर सांगायचा. पिंप भरायचं, फळीला इंजिन आवळायचं, दोरी ओढायची, आणि धार आली की अनंता दर वर्षी माझ्या वडिलांना तेच म्हणायचा, "बघा नाना, तुमच्यापेक्षा ह्याला धार चांगली हाय." ताई पदर तोंडाला लावून आत पळायची. शेवटी पेट्रोलची नळी काढून टाकायची आणि इंजिन आपसूक विझू द्यायचं. मग ते गोणपाटात गुंडाळून आमच्या पडवीत, थेट नारळी पौर्णिमेपर्यंत.

ज्या वर्षीचं सांगतोय, त्या वर्षी अनंतानं पंख्याचं रबर नवीन घातलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर घातलं होतं. हे लक्षात ठेवा.

भावोजी एकदा बोलता बोलता म्हणाले होते की बिनपाण्याचं इंजिन रडतं. झालं. मी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नोकरी करणारा माणूस, यंत्रातलं मला काही कळत नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. रडतं म्हणजे काय करतं? पिंपात त्याचा आवाज जाड यायचा, कुणी तोंडावर उशी धरल्यासारखा. उशी काढली तर कसा येईल? तुम्हाला असं कधी होतं का — एखादी गोष्ट करू नये हे पक्कं ठाऊक असतं, आणि नेमकी तीच कशी असते ते बघावंसं वाटत राहतं?

श्रावणात एका दुपारी घरात कुणी नव्हतं. पाऊस उघडला होता. मी इंजिन अंगणात नेलं, फळीला आवळलं, पेट्रोलची नळी लावली. पिंप रिकामंच ठेवलं. दोरी ओढली.

ते रडलं नाही हो. उलट मोकळं झाल्यासारखं वाजायला लागलं, ढणढणीत. मी कान देऊन उभा राहिलो. आता रडेल, मग रडेल. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग सायकलची ट्यूब जळावी तसा वास आला आणि मी घाबरून बंद केलं. वास संध्याकाळपर्यंत अंगणात होता. बायकोनं विचारलं तर म्हटलं, शेजारी कचरा पेटवलाय.

एवढंच असतं तर ती कुणालाही सांगून हसण्यासारखी गोष्ट झाली असती. नाही का?

पौर्णिमेच्या आधी भावोजी इंजिन न्यायला आले. घाईत होते. अनंता दुसरीकडे कामाला गेला होता. भावोजींनी विचारलं, "सुधीर, पिंपात लावून बघायला हवं काय रे?" मी म्हणालो, परवाच बघितलं, धार चांगली आहे. का म्हणालो? पिंपात लावलं असतं तर धार आली नसती, आणि मग वास, आणि मग मी. पण समुद्रात काय होईल, ह्याचा विचार केला नाही, असं मी म्हणू शकत नाही. केला होता. बंदरातच बंद पडेल, हसतील आणि परत आणतील, असा केला होता.

बंदरात बंद पडलं नाही, आणि घाईत धारेकडे कुणी बघितलं नाही. बाहेर गेल्यावर तापून जाम झालं. भावोजी आणि त्यांचा भाऊ, दोघंच होडीत. पौर्णिमेनंतरचा समुद्र अजून उसळता होता आणि होडी खडकांकडे सरकत होती. दुसऱ्या एका होडीनं दोर टाकून त्यांना ओढून आणलं. भावोजींचे तळवे वल्ह्यानं सोलून निघाले होते. ताई दोन दिवस जेवली नाही.

त्यांच्या अंगणात इंजिन उघडलं. वाडीतली सगळी मंडळी जमली होती. रबराचे तुकडे निघाले. अनंतानं एक तुकडा नाकाशी धरला आणि म्हणाला, हे पाण्याशिवाय जळलंय, मी नवं घातलं होतं. कुणीतरी मागून म्हणालं, नवं, जपानचं काय? लोक हसले. अनंता हसला नाही. मी त्याला न हसताना पहिल्यांदाच बघत होतो.

भावोजी माझ्याकडे वळले. "सुधीर, तुझ्याकडं कोणी कोरडं लावलान काय?"

आता मुद्द्यावर आलो बघा.

मी गप्प राहिलो असतो तर तो भित्रेपणा झाला असता, आणि भित्रेपणा मी एव्हाना पचवला असता. पण मी गप्प राहिलो नाही. मी शांतपणे म्हणालो, "कोरडं कोण लावेल? पण धार मे महिन्यातच बारीक वाटत होती मला. म्हटलं, नवीन रबराची अशीच असेल, म्हणून परवा चांगली आहे म्हणालो."

कुणी मला एवढं विचारलंच नव्हतं. ते दुसरं वाक्य कुठून आलं? अनेक वर्षं मी ते उलटंपालटं करून बघतो आहे. मी कधी थाप मारत नाही ही माझी ख्याती, तो थापाड्या. माझं बोलणं खरं ठरणार हे मला ठाऊक होतं. आणि — हे लिहिताना हात अडतोय — ते कसं खरं ठरतंय ते मी बघत होतो. एकेक चेहरा अनंताकडे फिरत होता आणि मी अंगणातल्यासारखाच कान देऊन उभा होतो. ह्या माणसाचं आता काय होईल, तो काय करेल, ह्याची मला उत्सुकता होती. भीती होतीच. पण उत्सुकता जास्त होती.

भावोजी म्हणाले, "माझ्या जिवावर उठलास अनंता." अनंतानं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्याला त्याच क्षणी कळलं. तो तुकडा खिशात घालून चालता झाला.

होडीवाल्यांनी त्याच्याकडे जाणं सोडलं. पुढच्या शिमग्यात तो पालखीला आला, भावोजींनी खांदा काढून घेतला. त्यानंतर आला नाही. आता राजापूरकडे आंब्याच्या बागांतले फवारणीचे पंप दुरुस्त करतो, असं ऐकतो. मी एकदा एसटीतून जाताना त्याला नाक्यावर बघितलं. गाडी थांबली होती. मी उतरलो नाही.

गेल्या मे महिन्यात इंजिन नेहमीप्रमाणे आमच्याकडे आलं. मिस्त्री नवीन, कमी बोलणारा. भावोजी आता थकलेत, खुर्चीत बसून सूचना देतात. त्यांनी त्याला अनंताची सगळी हकीकत सांगितली — जिवाभावाचा माणूस, पण जुनं रबर घालून आम्हाला समुद्रात मारायला निघाला होता. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "खोटं वाटत असेल तर ह्याला विचार. हा होता तिथं."

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "हो. धार बारीकच होती."