हनुवटीखालचा हात

चांद्याच्या शाळेत आमच्या बाईंनी इंग्रजी शब्द तोडायला शिकवलं ते हनुवटीखाली हात धरून. लांबलचक शब्द आला की पालथा हात हनुवटीला लावायचा आणि शब्द म्हणायचा. जितक्यांदा जबडा खाली येईल तितके तुकडे. जिथे हातावर भार पडेल तिथे जोर. अनफॉर्च्युनेटली. पाच तुकडे, जोर दुसऱ्यावर. 'ली'वर संपणाऱ्या शब्दांचा मला नादच लागला होता. मॅट्रिकला बसायचं आणि बाईंसारखं शिकवायचं, एवढंच डोक्यात होतं.

अन् माघात वरोऱ्याहून मंडळी मला पाहायला आली. मुलाबरोबर त्याची आई आणि मामा. हे मामा इंग्रजीचे मास्तर. कोटाच्या खिशात पेन, डोक्यात हवा. मुलीला मॅट्रिकला बसू द्यावं लागेल, असं बाबांनी आधीच सांगितलं होतं.

"विंग्रजी येत असन तर बसवू," म्हणत मामांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकलं आणि त्यातला सगळ्यात लांब शब्द बोटाने दाखवला.

सवयीने माझा हात हनुवटीखाली गेला. मी म्हटलं, आणि बरोबर म्हटलं.

"चूक! अनफॉर्च्युनेऽऽटली. नेटवर जोर."

उथळ पाण्याला खळखळाट फार. हा माणूस वर्गात पोरांना काय शिकवत असेल, या विचाराने मला शिसारी आली. तेवढ्यात मुलाची आई माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "दात दुखून राह्यले का जी पोरीचे?"

मग काय विचारता! मला तोंड उघडायला लावलं. बाजारात बैलाचे पाहतात तसे त्या बाईने माझे दात पाहिले. मामांनीही चष्मा पुसून पाहिले. मुलगा पोहे खात होता. त्याला ना शब्दाचं सोयरसुतक, ना दातांचं.

दात पास झाले. राहिला शब्द. बाबा हलकेच म्हणाले, "म्हन बाई, ते म्हनतात तसं."

म्हटलं. नेटवर जोर देऊन, तोंड वेंगाडून.

"आता आली विंग्रजी!" मामा खूश.

लग्न परीक्षेच्या आधीच उरकलं. बाबांनी कबूल केल्याची आठवण करून दिली तर मामा म्हणाले, "पोरीले विंग्रजी येते, म्या सोता परीक्षा घेतली. आता आनखी परीक्षा कायले?" एवढं बोलून त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर होता त्या सकाळी मी वरोऱ्याला ओसरीवर तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं, पालथा हात हनुवटीखाली धरला आणि तो शब्द म्हटला. पाच तुकडे, जोर दुसऱ्यावर.

सासू दारातच उभी होती. "काऊन वं, दात दुखून राह्यले का?"

"नाई," म्हटलं आणि सूप उचललं.